टिटवीचा माळ

मनुष्याचीं पापें त्याला झोंपूं देत नाहींत असें म्हणतात. पापांविषयीं मला फारसें सांगतां यावयाचें नाहीं; तीं करण्याइतकें धैर्य माझ्या अंगीं कधींच नव्हतें. परंतु पुण्याविषयींचा माझा अनुभव मी खात्रीनें सांगूं शकतों, आणि तो असा कीं, पुण्य मनुष्याला फार गाढ झोंप आणतें. आपल्या हातून कांहीं चांगलें काम होत आहे अशी एकदां समजूत झाली, कीं त्या कामाकडे डोळे उघडून पाहण्याची गरजच उरत नाहीं. माझी अशी झोंप गेल्या उन्हाळ्यांत एका पक्ष्यानें मोडली. ती हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण असा झोंपणारा मी एकटाच असेन असें मला वाटत नाहीं.

मी पुण्यास कोथरुडांत राहतों. नोकरींतून मोकळा झाल्यापासून रोज सकाळीं वेताळ टेकडीवर जाण्याचा माझा परिपाठ आहे. पुणें शहरांतील ही सर्वांत उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारें ८०० मीटर भरते. ज्यांनीं ती पाहिलेली नाहीं, त्यांच्या डोळ्यांपुढें टेकडी म्हणतांच एखादें हिरवेंगार चित्र उभें राहील; तें त्यांनीं एप्रिल-मे महिन्यांपुरतें तरी पुसून टाकावें. त्या दिवसांत टेकडीचा माथा म्हणजे काळा दगड, तांबूस मुरूम आणि वाळून पिवळें पडलेलें गवत. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर सांचून दख्खनचें पठार तयार झालें. त्याच काळ्या पाषाणाची ही टेकडी आहे, आणि त्या पाषाणावर मातीचा थर कित्येक ठिकाणीं वीतभरहि नाहीं.

पांच-सहा वर्षांपूर्वीं आम्हां फिरावयास येणाऱ्या मंडळींच्या मनांत आलें कीं, या उघड्या माथ्यावर झाडें लावावींत. विचार असा होता कीं, त्याला नाहीं म्हणणारा मनुष्य सांपडणेंच कठीण. वर्गणी जमली, कुदळी आणि पहारी आल्या. एप्रिलांत खड्डे खणून ठेवावयाचे, पहिल्या पावसानंतर रोपें लावावयाचीं, आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे खांद्यावरून पाण्याचे डबे वाहून तीं जगवावयाचीं, असा आमचा क्रम ठरून गेला. कांहीं रोपें मेलीं, कांहीं जगलीं. एका वर्तमानपत्रांत आमचें छायाचित्रहि छापून आलें. तें कात्रण मीं माझ्या टेबलावरील कांचेखालीं जपून ठेविलें. छायाचित्राखालीं 'ओसाड टेकडीला हिरवा शेला' असे शब्द होते. त्यांतील 'ओसाड' हा शब्द मला त्या वेळीं जराहि खटकला नाहीं.

गेल्या एप्रिलांत माझी नात सुट्टीसाठीं ठाण्याहून आमच्याकडे आली. तिचें वय नऊ वर्षांचें. त्याच सुमारास आमच्या वसाहतीच्या फलकावर एक सूचना लागली कीं, सुट्टींतील सहा रविवारीं सकाळीं साडेपांच वाजतां टेकडीवर निसर्गफेरी निघेल, लहानथोर कोणीहि यावें, फी नाहीं. फेरी नेणारी मुलगी आमच्याच शेजारची. नुकताच वनस्पतिशास्त्राचा अभ्यास पुरा केलेली. तिला मीं दुडुदुडु चालतांना पाहिलें होतें. मी गेलों तो केवळ नातीची सोबत म्हणून. ज्या टेकडीवर मीं इतके खड्डे खणले, ती टेकडी या कालच्या पोरीनें मला दाखवावी, ही कल्पनाच मला मौजेची वाटली.

पहिल्या रविवारीं वीस-पंचवीस माणसें जमलीं. त्यांत शाळकरी मुलें होतीं, दोन-तीन आजीबाई होत्या, गळ्यांत मोठा कॅमेरा अडकविलेले एक गृहस्थ होते, आणि माझ्यासारखे 'सोबत म्हणून' आलेलेहि होते. आमच्या वाटाडीनें आम्हांला जुन्या दगडखाणीच्या कांठावर नेऊन बसविलें आणि सांगितलें, "पांच मिनिटं कुणी बोलायचं नाही. डोळे मिटा आणि किती निरनिराळे आवाज ऐकूं येतात ते बोटांवर मोजा." पांच मिनिटें गप्प बसणें ही गोष्ट सोपी नाहीं, हें मला त्या दिवशीं कळलें. माझे आवाज तीन भरले: कोकिळ, मोर आणि खालच्या रस्त्यावरील मोटारी. माझ्या नातीचे अकरा भरले. त्यांत वाळक्या गवतांतून जाणाऱ्या वाऱ्याचा एक होता, कोणत्या तरी किड्याचा एक होता, आणि एक माझ्या श्वासाचा होता. सर्वजण हंसले. मीहि हंसलों, पण एवढ्या वर्षांच्या माझ्या फिरण्यांत टेकडीनें मला तीनच गोष्टी सांगितल्या होत्या, हा हिशेब मनांतून जाईना.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरींत झाडांची ओळख झाली. जीं निष्पर्ण झाडें मला वठल्यासारखीं वाटत, तीं मेलेलीं नसून पाण्याची काटकसर करीत उभीं आहेत, हें प्रथमच समजलें. पान हें झाडाचें पाणी उडून जाण्याचें मोठें दार. उन्हाळ्यांत तें दारच काढून ठेवावयाचें, अशी ही युक्ति. पांढऱ्या, कागदासारख्या सालीचा पांढरूख; ज्याच्या डिंकाचा धूप होतो ती सालई; बोकडाच्या शिंगासारख्या वांकड्या शेंगांची मेडशिंगी: हीं सारीं या दगडांतलींच लेकरें. उलट, ज्याला वनखात्याच्या भाषेंत गिरिपुष्प आणि लोकांच्या भाषेंत उंदीरमारी म्हणतात, तें झाड मूळचें मध्य अमेरिकेंतलें. तें लवकर वाढतें म्हणून गेल्या शतकांत पुण्याच्या टेकड्यांवर फार लावलें गेलें, आणि आज टेकडीचे कित्येक उतार त्यानें व्यापले आहेत.

शिकविणें एका बाजूनेंच चाललें होतें असेंहि नव्हे. बहाव्याचे पिवळे घोंस पाहून एका आजीबाईंनीं त्याच्या शेंगेंतील मगजाचा रेच कसा देतात तें सांगितलें, आणि आमच्या वाटाडीनें तें वहींत उतरून घेतलें. करवंदीच्या जाळींत तर सारींच लहान झालीं. करवंद फोडून 'कोंबडा कीं कोंबडी' हा खेळ माझ्या नातीला ठाऊक नव्हता. तो मीं तिला शिकविला. त्या सबंध उन्हाळ्यांत माझ्याकडून तिला मिळालेली विद्या बहुधा एवढीच.

परततांना सावलींत बसून ती मुलगी कांहीं ना कांहीं सांगे. एकदां तिनें सलीम अली यांची गोष्ट सांगितली. लहानपणीं त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून मामांना विचारलें. मामांनीं त्यांना १८८३ मध्यें स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटींत पाठविलें. आणि तेथील चिटणीस मिलार्ड यांनीं त्या भेदरलेल्या मुलापुढें पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले. मोठ्या विद्येचा आरंभ पुष्कळदां एवढ्यावरच होत असावा: 'हें काय आहे?' असें विचारणारा एक जण, आणि त्या प्रश्नाला न हंसणारा दुसरा. दुसऱ्या एका दिवशीं तिनें मारुती चितमपल्ली यांच्याविषयीं सांगितलें. १९३२ सालीं जन्मलेला आणि २०२५ सालीं निवर्तलेला हा वनाधिकारी रानांतल्या माणसांपाशीं बसून त्यांच्याकडून पशुपक्ष्यांचीं नांवें आणि खोडी शिकला, आणि ती संपत्ति त्यानें मराठींत आणून ओतली. तें ऐकून मीं मान डोलाविली. मोठ्या माणसांच्या गोष्टींना आपण मान डोलावितों ती बहुधा त्यांचें अनुकरण करण्याची पाळी आपल्यावर यावयाची नाहीं, या भरंवशावर.

चौथ्या रविवारीं आम्ही माथ्यावरच्या सपाट माळावर गेलों. हा भाग माझ्या विशेष परिचयाचा होता. सहा वाजून गेले होते. ऊन अजून कोंवळें होतें. इतक्यांत एक टिटवी आमच्या डोक्यांवरून ओरडत गेली. काळें डोकें, काळी छाती, डोळ्यांजवळ लाल कातडीची पट्टी, आणि मागें लांबलेले पिवळे पाय. ती पुढें जाऊन बसे, दोन पावलें पळे, पुन्हा उडे आणि पुन्हा आमच्यावर झेंप घालून ओरडे. कॅमेरावाले गृहस्थ हर्षानें पुढें धांवले. आमच्या वाटाडीनें हात आडवा करून सर्वांना जागच्या जागीं थांबविलें.

"कुणीहि पाऊल टाकूं नका. ही आपल्याला दुसरीकडे न्यायला बघतेय. हिचीं अंडीं आहेत इथं."

आम्ही पुतळ्यांसारखे उभे राहिलों. दिसत होते ते दगड, मुरूम आणि गवताचीं खुंटें. पांच मिनिटें गेलीं असतील. मग माझ्या नातीनें हळूच माझा हात ओढला. आमच्यापासून दहा-बारा पावलांवर, खड्यांच्या एका उथळ खळगींत, चार खडे इतर खड्यांहून थोडे अधिक गोल होते. मातकट रंगावर काळे डाग. चारहि टोकें मध्याकडे वळविलेलीं. घरटें म्हणून दुसरें कांहींच नाहीं: काडी नाहीं, पान नाहीं, छप्पर नाहीं.

दबलेल्या आवाजांत ती मुलगी सांगूं लागली. एवढ्या उन्हांत अंडीं उबविण्यापेक्षां तीं निववणेंच टिटवीला अधिक जड जातें. दुपारीं ती आपल्या अंगाची सावली धरून त्यांवर उभी राहते; पाण्यांत बसून पोटाचीं पिसें भिजविते आणि ओल्या अंगानें अंड्यांवर येऊन बसते. लहानपणापासून मीं टिटवीविषयीं ऐकलें होतें तें निराळेंच. ती रात्रीं ओरडली तर अशुभ. आभाळ कोसळूं नये म्हणून ती पाय वर करून झोंपते. पंचतंत्रांत तिचीं अंडीं समुद्रानें नेलीं तेव्हां तिच्या कैवारासाठीं गरुडाला यावें लागलें. या सर्व कथांत तिला हंसण्यासारखें पुष्कळ होतें. भर उन्हांत ओलें पोट घेऊन माघारीं येणारी टिटवी मात्र कोणत्याहि कथेंत मला भेटली नव्हती.

"आजोबा," माझ्या नातीनें विचारलें, "हे खड्डे कुणी खणले?"

तिच्या बोटाच्या रोखानें मीं पाहिलें. टिटवीच्या खळगीपासून तीन-चार हातांवर आमच्या खड्ड्यांची रांग सुरू होत होती. प्रत्येकाच्या कडेला चुन्यानें रंगविलेला एक दगड. दोन आठवड्यांपूर्वीं दोरी धरून ती रांग मींच सरळ केली होती. दोरी थोडी डावीकडे गेली असती, तर पहार नेमकी त्या खळगींतच बसली असती.

मला उत्तर देण्याचें धैर्य होईना. आमच्या वाटाडीला तें ठाऊक होतें. पण ती दुसरीकडे पाहूं लागली, आणि तिच्या त्या सौजन्यानेंच मी अधिक शरमलों. अखेर मीं म्हटलें, "मीं खणले." त्यावर नात कांहींच बोलली नाहीं. लहान मुलें दोष देतात तेव्हां त्यांना समजावतां येतें. तीं गप्प राहिलीं कीं आपला इलाज खुंटतो.

त्याच वेळीं डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी बाई माळाला वळसा घालून येत होती. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तींतली ती. मी तिला गेलीं कित्येक वर्षें पाहत आलों होतों, आणि तिनें मला. आम्हांला तेथें खिळलेले पाहून ती थांबली.

"टिटवी व्हय? दर सालाला हितंच घालती ती अंडी. म्हनून तर उन्हाळ्यात आमी ह्या अंगानं जात न्हाई. खड्डं खणाय लागल्यापासनं लई वरडतीया."

"मग बाई, आम्हांला आधी सांगायचं नाही का?" मीं विचारलें.

"इचारलं कुनी, बाबा?" ती म्हणाली आणि मोळी सांवरून चालूं लागली.

तिच्या बोलण्यांत राग नव्हता. पण चितमपल्लींच्या गोष्टीला मीं डोलाविलेली मान मला त्या क्षणीं आठवली.

त्या संध्याकाळीं मीं आमच्या मंडळींना एकत्र बोलावलें आणि तो पट्टा यंदा सोडावा असें सुचविलें. वाद बराच झाला. "एका पक्ष्यासाठीं शंभर झाडें सोडावयाचीं काय?" असें एकानें विचारलें. "झाड लावणें हेंहि आतां पाप झालें वाटतें!" असें दुसरा म्हणाला. कालपर्यंत मीहि हेंच म्हटलें असतें, म्हणून मला त्यांचा राग आला नाहीं. झाड लावणें वाईट असें मला अजूनहि वाटत नाहीं. परंतु जेथें झाड नाहीं तेथें कांहींच नाहीं, हें आपण कोणाला विचारून ठरविलें? रातवा घरटें न बांधतां उघड्या जमिनीवरच दोन अंडीं घालतो. चंडोलाचें घरटें गवताच्या बुंध्याशीं असतें. आज सबंध देशांत दीडशेंच्या आसपास उरलेला माळढोक आपलें एकुलतें एक अंडें माळावरच ठेवतो. त्याच्यासाठीं सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें, तरी महाराष्ट्रांतून तो जवळजवळ नाहींसा झाला. या सर्वांचें घर म्हणजे उघडें गवत. आपल्या सरकारी नकाशांत मात्र असे कित्येक गवताळ माळ 'पडीक जमीन' या सदरांत पडतात, आणि पडीक म्हटलें कीं तिचा उद्धार करावयास आपण सारे हात धुऊन पुढें होतों. दाट झाडी झाली कीं कोकिळेला जागा मिळेल, टिटवीला मिळणार नाहीं. आणि कोकिळेला शहरांतहि झाडें आहेत.

एवढें सारें मीं त्या सभेंत नीट सांगूं शकलों असें नाहीं. अखेर 'यंदापुरता तो पट्टा सोडावा' एवढें ठरलें. दुसऱ्याच दिवशीं मी फावडें घेऊन खड्डे बुजवावयास निघालों, तों आमच्या वाटाडीनें मला जिन्यांतच अडविलें.

"काका, आतां काहीच करूं नका. तिकडे जाऊंच नका. माणूस जवळ आला कीं ती अंड्यांवरून उठते, आणि तेवढ्या वेळांत अंडीं तापतात."

मनुष्याला प्रायश्चित्त घेण्याचीहि घाई असते. ती घाईहि शेवटीं आपल्याच मनाच्या शांतीसाठीं असते, टिटवीसाठीं नव्हे, हें मला त्या जिन्यांत उभें राहून मान्य करावें लागलें. पुढचे काहीं दिवस मी त्या म्हातारीच्या वाटेनें, माळाला लांबून वळसा घालून जात असें. रोजच्या फिरण्यांत त्यामुळें पाव तास वाढला. लांबून कधीं उन्हांत उभी राहिलेली टिटवी दिसे, कधीं नुसता माळ दिसे.

सहाव्या आणि शेवटच्या रविवारीं आम्ही पुन्हा तेथें गेलों. बरेंच अंतर राखून दुर्बिणींतून पाहिलें. खळगी रिकामी होती. माझ्या नातीचा चेहरा उतरला. मुंगुसानें नेलीं असतील, असें कोणी तरी म्हणालें. तेवढ्यांत माळाच्या दुसऱ्या टोकाकडून दोन टिटव्या एकदम ओरडत आल्या. पहिल्यापेक्षां कितीतरी अधिक जोरानें.

"अंडीं गेलीं असतीं तर इतक्या ओरडल्या नसत्या," आमची वाटाडी म्हणाली. "टिटवीचीं पिल्लें अंड्यांतून निघालीं कीं थोड्याच वेळांत चालूं लागतात. घरटें रिकामें झालें म्हणजे बुडालेंच, असें नाहीं."

"मग शोधूं या!" पांच-सहा मुलें एकदम म्हणालीं.

"आईनं अशी हांक दिली कीं पिल्लूं असेल तिथं दगडासारखं बसून राहतं. आपण शोधायला गेलों तर तें आपल्याच पायाखालीं येईल. आपण परत जायचं."

इतक्या फेऱ्यांतून पुष्कळ नांवें शिकलों, त्यांतील बरींच विसरलोंहि. पण वीस-पंचवीस माणसें, जें पाहण्यासाठीं आलीं तें न पाहतां, आपण होऊन माघारीं वळलीं, हा धडा मी विसरलों नाहीं. आमच्यांत सर्वांत आधीं वळली ती माझी नात.

पिल्लें जगलीं कीं नाहीं हें मी सांगूं शकत नाहीं. जूनमध्यें पहिला पाऊस पडल्यावर मीं ते खड्डे मुरुमानें बुजविले. त्यांच्यासाठीं आणलेल्या रोपांपैकीं कांहीं आमच्या वसाहतीच्या आवारांत लावलीं, कांहीं एका शाळेला दिलीं. बुजवितांना ती सरपणवाली म्हातारी तेथून गेली. "खणलंबी तुमीच आन् बुजवायबी तुमीच!" असें म्हणून ती मनसोक्त हंसली. मला तें हंसणें बोंचलें नाहीं. इतक्या वर्षांत ती आपण होऊन माझ्याशीं बोलली ती ही दुसरीच वेळ.

यंदाहि आमच्या मंडळींनीं एप्रिलांत कुदळी काढल्या. झाडें लावणें आम्हीं सोडलेलें नाहीं. खालच्या उतारावर, जेथें पूर्वींची झाडी तुटली आहे, तेथें आम्ही पांढरूख आणि मेडशिंगी लावणार आहों. मात्र पहिला खड्डा खणण्यापूर्वीं मी एका सकाळीं पायथ्याच्या वस्तींत गेलों आणि त्या बाईंचें घर शोधून काढलें. त्या दारांत सरपण फोडीत बसल्या होत्या. त्यांनीं मला बसावयास पोतें टाकलें. मी बसलों, आणि यंदा कोणी कोठें अंडीं घातलीं आहेत तें त्यांना विचारलें.